पंखा हळू फिरतोय, घुमतोय, डुलतोय: वाइंडिंगला देण्याआधी काय काय बघायचं

बेळगाव आणि आसपासच्या गावांत घरगुती वायरिंगची कामं करताना सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "फॅन हळू फिरतोय, वाइंडिंग गेलंय वाटतं." फेब्रुवारी सरत आला की हे फोन सुरू होतात. आपल्याकडे जूनपासून पाऊस, त्यामागून थंडी, त्यामुळे कित्येक घरांत पंख्याचं बटण महिनोन् महिने दाबलंच जात नाही. ऊन तापायला लागल्यावर ते दाबलं जातं, तेव्हा पंखा एक तर नुसता घूं करतो, नाहीतर ओढत ओढत फिरतो.

अशा बहुतेक पंख्यांचं वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) शाबूत असतं. दोष असतो शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या कंडेन्सरमध्ये (म्हणजे कपॅसिटर, मोटर फिरवायला लागणारा छोटा भाग), रेग्युलेटरमध्ये, नाहीतर घरात येणाऱ्या व्होल्टेजमध्ये. तरीही पंखा खाली उतरतो, दुकानात जातो, नवं वाइंडिंग होतं आणि घरी परत लावल्यावर तसाच हळू फिरतो, कारण मूळ कारण घरातच राहिलेलं असतं. म्हणून खाली सगळं क्रमानं लिहितोय: आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोड्या पैशाच्या, शेवटी मिस्त्रीच्या हातच्या.

आधी लक्षण ओळखा

शिडी आणण्याआधी खाली उभं राहून नीट बघा आणि ऐका.

– पाचवर टाकूनही हळू फिरतो, पण अडखळत नाही: कंडेन्सर उतरलाय किंवा व्होल्टेज कमी येतंय.
– सुरू होताना नुसता घूं करतो, कोरड्या लाकडी काठीनं हलकेच ढकलला की फिरायला लागतो, आणि ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला फिरतो: कंडेन्सर पार गेलाय किंवा त्याची वायर सुटलीय.
– ढकलूनही फिरत नाही, बंद असताना हातानं फिरवला तरी जड लागतो: बेअरिंग.
– पाचवर झकास, पण एक-दोन-तीनवर एकसारखाच फिरतो किंवा थांबतोच: रेग्युलेटर.
– लाईट गेल्यावर घुमतो, लाईट आली की गप्प: इन्व्हर्टर.
– संध्याकाळी मरगळलेला, मध्यरात्री एकदम जोरात: बाहेरून येणारं व्होल्टेज.
– डुलतो, दांड्यासकट गोल झोके घेतो: पाती किंवा वरचा बुश.
– आवाजही नाही, हालचालही नाही: बटण, जोड किंवा वाइंडिंग.
– जळका वास येतो, एमसीबी (मेन बोर्डावरचं आपोआप पडणारं बटण) पडते, पात्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात: इथे तपासणी नाही. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

हात लावण्याआधी

बटण बंद केलं म्हणजे पंख्यातला करंट गेला, असं कधीही धरू नका. शहापूर, अनसूरकर गल्ली, खडेबाजार या जुन्या भागांतल्या घरांत वायरिंग पिढ्यान् पिढ्या जोडत जोडत वाढलेलं असतं आणि कित्येक ठिकाणी बटण फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) बसलेलं सापडतं. अशा घरात बटण बंद असलं तरी पंख्यापर्यंत फेज पोचलेली असते. म्हणून मेन बंद करायचा.

आणि मेन बंद केल्यावरही काम संपलेलं नसतं, कारण घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करताच तो चालू होतो आणि पंख्याची लाईन पुन्हा जिवंत होते. हे इतक्या जणांच्या लक्षात राहत नाही की मी फोनवर सांगतानासुद्धा दोनदा सांगतो: आधी इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणावर बंद करा, मग मेन. त्यानंतर टेस्टर लावा. तो टेस्टर चालू आहे की नाही हे आधी एखाद्या चालू सॉकेटवर बघून घेतलेलं असू दे.

प्लास्टिकच्या खुर्चीवर स्टूल, स्टुलावर डबा असलं काही करू नका. लाकडी घोडा किंवा शिडी घ्या आणि खाली धरायला एक माणूस हवाच.

फुकटातली तपासणी: धूळ आणि दोरे

पात्याच्या पुढच्या कडेला धुळीचा जाड थर बसला की पंखा तेवढाच फिरतो, पण वारा कमी लागतो. वडगाव, खासबाग, शहापूर भागात घरातच माग असतात, तिथे धुळीबरोबर सुताचा बारीक कापूस उडतो. तो मोटरच्या भोकांत जाऊन गादीसारखा बसतो, मोटरची गरमी बाहेर पडत नाही आणि कंडेन्सर लवकर मरतो. निपाणीकडे तंबाखूची वखार घराला लागून असेल तर तिथेही तपकिरी, चिकट थर बसतो, तो कोरड्या फडक्यानं निघत नाही. थोडा साबण घेतलेलं ओलसर फडकं पिळून वापरा.

जुनी उशीची खोळ पात्यावर चढवून बाहेर ओढली की धूळ खोळीतच राहते, अंथरुणावर पडत नाही. मोटरच्या भोकांतला कापूस ब्रशनं काढा. पाणी मारू नका, हवेच्या पंपाचा झोतही जवळून मारू नका. पुसताना पातं एका हातानं खालून धरा. दाबून पुसलं की पातं मुळाशी किंचित वाकतं आणि दुसऱ्या दिवसापासून पंखा डुलायला लागतो.

लाईट आणि इन्व्हर्टर

ही पायरी लोक सोडून देतात आणि पैसे घालवतात ते इथेच.

साध्या पंख्याच्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर व्होल्टेज जेमतेम पाचव्या हिश्शानं उतरलेलं असतं, पण मोटरचा जोर साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. चिकोडी, अथणी, हुक्केरीकडच्या उसाच्या पट्ट्यात विहिरीवरचे पंप सुरू असताना हा अनुभव नेहमीचा. पंखा हळू आणि फ्रिजही धापा टाकतोय, मग दोष पंख्यात कशाला शोधायचा?

तपासायचं कसं? मल्टिमीटर असेल तर एसीच्या वरच्या रेंजवर ठेवून सॉकेटमध्ये बघा. नसेल तर सॉकेटमध्ये खोचायचा आकडे दाखवणारा छोटा मीटर दुकानात मिळतो. तो तीन वेळा बघा: दुपारी, रात्री आठच्या सुमारास आणि पहाटे. आकडा रात्री पडत असेल तर शेजारच्याला विचारा. सगळ्या गल्लीची तीच तक्रार असेल तर ती लाईनची किंवा ट्रान्सफॉर्मरची बाब आहे. वीज पुरवणाऱ्या नव्या कंपनीला हेस्कॉम म्हणायचं असतं तरी आपल्याकडे लोक अजून जुन्या वीज मंडळाच्या नावानं 'केईबी'च म्हणतात. तक्रार १९१२ वर नोंदवा, ग्राहक क्रमांक बिलावर असतो. गल्लीत सगळ्यांचं ठीक आणि फक्त तुमच्याच घरी कमी येत असेल, तर खांबावरचा, मीटरजवळचा किंवा कटआउटमधला (मीटरजवळच्या फ्यूजमधला) जोड सैल आहे. सैल जोड तापतो आणि तिथूनच आग लागते. त्या जोडाला स्वतः हात लावायचा नाही.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. एका घरातले दिवे अचानक झगझगीत आणि शेजारच्या घरातले मंद झाले, किंवा तुमच्याच घरात एका खोलीत जास्त, दुसऱ्या खोलीत कमी असं झालं, तर न्यूट्रल सुटतोय. अशा वेळी व्होल्टेज तीनशेच्या पुढेही जाऊ शकतं. त्याच क्षणी मेन बंद करा. बीएलडीसी पंख्यांचे (आत चुंबक असलेले, कमी वीज खाणारे नव्या प्रकारचे पंखे) सर्किट बोर्ड याच प्रकारात जळतात.

इन्व्हर्टरचं साधं आहे. स्वस्तातले जुने इन्व्हर्टर चौकोनी लहरी देतात, साइन वेव्ह देत नाहीत. त्यावर साधा पंखा घुमतो, थोडा हळू फिरतो आणि जास्त तापतो. लाईट आल्यावर आवाज बंद होत असेल तर पंख्याला हात लावू नका. पंखा बदलून उपयोग नाही, पुढचा इन्व्हर्टर घ्याल तेव्हा साइन वेव्हचा घ्या.

रेग्युलेटर

बोर्डावरचा मोठा, तापणारा जुना रेग्युलेटर असेल तर त्यात रोधाची तार असते. वेग कमी केला तरी वीज उष्णतेच्या रूपानं वाया जाते. त्या जागी पाच टप्प्यांचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर घाला. त्याच्या आत छोटे कंडेन्सर असतात. ते गेले की दोन-तीन टप्पे सारखेच होतात किंवा पंखा फक्त पाचवर चालतो.

खात्री करायची तर मेन बंद करून रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना घट्ट जोडा, टेप नीट गुंडाळा आणि पंखा थेट चालवून बघा. थेट जोडल्यावर वेग चांगला असेल तर रेग्युलेटर बदला. तेवढाच हळू असेल तर रेग्युलेटर निर्दोष आहे, पुढे चला. गुळगुळीत गोल फिरणारा, दिव्यासाठीचा डिमर कुणी पंख्याला लावून दिला असेल तर तो काढाच, पंखा त्यावर घुमतो.

कंडेन्सर

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण निम्म्याहून जास्त पंखे इथेच बरे होतात.

पंख्यात दोन वाइंडिंग असतात, एक चालवणारं आणि एक सुरू करणारं. दुसऱ्यातला प्रवाह थोडा पुढे सरकवायला कंडेन्सर लागतो, त्याशिवाय मोटरला कुठल्या बाजूला फिरायचं हेच ठरत नाही. म्हणूनच कंडेन्सर मेलेला पंखा जिकडे ढकलाल तिकडे फिरतो. आणि पंखा चालू आहे तोवर कंडेन्सर सर्किटमध्येच राहतो. तो हळूहळू उतरतो तसा पंखाही हळूहळू मंदावतो. रोज थोडा थोडा मंदावतो म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि एखाद्या उन्हाळ्यात एकदम जाणवतं.

४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅराडचा, दुकानाच्या भाषेत 'अडीचचा' कंडेन्सर असतो. काही पंख्यांत २.२५ किंवा ३.१५ असतो. म्हणून नवा आणताना जुना हातात घेऊन जा आणि त्यावरचा आकडा दाखवा. व्होल्टेज ४४० एसी लिहिलेलं असलं पाहिजे. "मोठा घाला, फॅन जोरात पळेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मोठ्या कंडेन्सरनं सुरुवातीच्या वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, थोडे दिवस वेग वाढल्यासारखा वाटतो आणि मग ते वाइंडिंगच जळतं.

बदलायची रीत अशी. इन्व्हर्टर आणि मेन बंद. दांड्यावरची प्लास्टिकची वाटी सैल करून खाली सरकवा. बहुतेक पंख्यांत कंडेन्सर मोटरच्या वरच्या वाटीत असतो, काहींत वर हुकाजवळ. वायरींना हात लावण्याआधी मोबाईलवर दोन बाजूंनी फोटो काढा. मांडी घालून बसल्यावर सगळं आठवेल असं वाटतं, घोड्यावर उभं राहिल्यावर आठवत नाही. जुन्या कंडेन्सरची दोन टोकं दांडी इन्सुलेटेड असलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं एकमेकांना टेकवा, उरलीसुरली वीज निघून जाते. एरवी ती वाइंडिंगमधूनच निघून गेलेली असते, पण वायर सुटलेली असेल तर ती आतच साठून राहते आणि झटका बसतो. मग एक वायर काढली की तीच त्या जागी नव्याला लावायची, मग दुसरी.

मल्टिमीटरवर कंडेन्सर मोजायची सोय असेल तर अडीचच्या कंडेन्सरला २.४ ते २.६ दाखवलं पाहिजे. २.२ च्या खाली आला असेल तर बदला. फुगलेला असेल, तळाला राळ फाटलेली असेल किंवा तेलकट ओल असेल तर मोजायचीही गरज नाही.

नवा घातल्यावर पंखा उलटा फिरला, वारा वर छताकडे गेला, तर फेजची वायर कंडेन्सरच्या चुकीच्या टोकाला गेलीय. फोटो बघून ती दुसऱ्या टोकाला लावा. इतकंच.

बटण आणि जोड

आवाजही नाही आणि हालचालही नाही, तर वाइंडिंगच्या आधी बटण बदलून बघा. त्यानंतर वरच्या वाटीतला जोड. तिथे वायरी नुसत्या पिळून काळ्या टेपनं गुंडाळलेल्या असतात. कौलारू घरांत पावसाळ्यात वरून ठिबक येते, टेप सुटतो, तांब्याला हिरवट गंज चढतो. तो भाग कापून वायर नव्यानं सोला आणि कनेक्टर लावा.

बेअरिंग

मेन बंद करून पातं हातानं ढकला. चांगला पंखा आवाज न करता, बऱ्याच वेळ आपल्याच गतीनं फिरत राहतो. खरखर ऐकू आली, थोडक्यात थांबला किंवा दांडा धरून मोटर बाजूला हलवल्यावर सैल वाटली तर बेअरिंग गेलं. बीएलडीसी पंखा मात्र आतल्या चुंबकामुळे हाताला मुळातच थोडा अडखळता लागतो, तो बिघाड नव्हे.

कणकुंबी, जांबोटी, लोंढा या पट्ट्यात पाऊस इतका पडतो की चार महिने भिंतींना ओल असते. पंखा तेवढा काळ बंद राहिला की बेअरिंगला गंज धरतो. त्या भागातल्या लोकांना मी सांगतो की पावसाळ्यातही दोन-चार दिवसांनी पंखा अर्धा तास फिरवा. मोटर आतून कोरडी राहते.

वरून तेल सोडायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. बंद बेअरिंगमध्ये ते आत जातच नाही, वाइंडिंगवर मात्र उतरतं आणि धूळ चिकटवून ठेवतं. घट्ट झालेलं बेअरिंग बदलायलाच हवं. पंख्यांत ६२०१ आणि ६२०२ हे आकडे सर्रास येतात, बेअरिंग स्वस्त असतं. पण ते काढायला मोटर उघडावी लागते, पुलर लागतो, बसवताना ठोकलं तर नवंही खराब होतं. हे काम दुकानात द्या. उद्यमबाग परिसरात आणि तालुक्याच्या प्रत्येक गावात मोटरची कामं करणारे आहेत.

डुलणं, आणि पंखा टांगणाऱ्या चार वस्तू

डुलतो तेव्हा आधी प्रत्येक पात्याचे स्क्रू घट्ट करा. मग एका पात्याचं टोक छतापासून किती अंतरावर आहे ते पट्टीनं मोजा, पंखा हातानं फिरवून दुसरं आणि तिसरं पातं त्याच जागी आणून मोजा. अंतरात चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ते पातं वाकलंय. हातानं उलटं वाकवून सरळ करायला जाऊ नका. पाती तीनच्या संचात, वजन जुळवून येतात, एकटं बदलू नका, संच बदला.

पाती बरोबर आहेत आणि तरी डुलतो, तर वर चढा. हा भाग प्रत्येकानं नीट वाचावा, कारण पंखा पडतो तो इथूनच.

छताच्या हुकात रबराचा बुश असतो, त्याला शॅकल (यू आकाराची लोखंडी पट्टी) लागते, शॅकलमधून बोल्ट जातो, बोल्टला नट आणि नटाच्या पुढे भोकात कॉटर पिन. पिनचं काम एवढंच की नट सैल झाला तरी बोल्ट बाहेर येऊ नये. पंखा दिवसभर थरथरतो, नट सुटणारच. खानापूर तालुक्यातल्या एका कौलारू घरात पाळण्यावरचा पंखा डुलतो म्हणून मला बोलावलं होतं. वर चढलो तर बुश उन्हानं कडक होऊन दोन तुकडे झालेला, बोल्ट हुकाच्या लोखंडावर घासून एका बाजूनं निम्मा झिजलेला, आणि कॉटर पिनच्या जागी सळई बांधायची बारीक तार दोन वेढे देऊन पिळलेली. तीही गंजून एका पदरावर आली होती. खाली बाळ झोपलेलं. मी त्यांच्या आजींना तो बोल्ट हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "ह्येच्यावर टांगला होता व्हय रं!"

बुश, बोल्ट, नट आणि पिन मिळून फार पैसे लागत नाहीत. दर उन्हाळ्याच्या तोंडावर वाटी खाली करून या चारही गोष्टी डोळ्यांनी बघा. पिनच्या जागी खिळा, तार, सेफ्टी पिन काहीही असेल तर त्याच दिवशी खरी पिन घाला आणि तिची दोन्ही टोकं उलट्या बाजूंना वाकवा. दांड्याच्या खालच्या टोकालाही असाच बोल्ट आणि पिन असते, ती विसरू नका. दांडा आट्यांवर बसणारा असेल तर त्याचा छोटा लॉक स्क्रू घट्ट आहे ना, तेही बघा.

हुक स्लॅबमध्येच हलत असेल, तुळईचं लाकूड भोकाभोवती मऊ लागत असेल किंवा हुकाभोवती सिमेंट फुटलेलं दिसत असेल, तर पंखा लगेच खाली उतरवा आणि गवंडी किंवा सुताराला बोलवा. तोवर त्याखाली झोपू नका.

इथे थांबायचं

वरचं सगळं करूनही पंखा हळू असेल, मोटरमधून वार्निश जळल्यासारखा वास येत असेल, पंखा लावताच एमसीबी पडत असेल, पंख्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा कौलातून गळून मोटरमध्ये पाणी गेलं असेल, तर पुढचं काम तुमचं नाही. पाणी गेलेला पंखा उन्हात वाळवला की बाहेरून कोरडा दिसतो, आतल्या इन्सुलेशनची खात्री मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावूनच होते. चालून चालून मोटर नुसती गरम लागत असेल तर घाबरू नका, साधा पंखा गरम होतोच.

बीएलडीसी पंखा बंद पडला तर आधी रिमोटची बॅटरी बदला, मेन पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावा. एवढ्यानं झालं नाही तर कंपनीच्या सर्व्हिसला सांगा. त्यात सर्किट बोर्ड असतो, वाइंडिंगवाला त्यात काही करू शकत नाही. वॉरंटी असताना तो कुणाकडूनही उघडवून घेऊ नका.

वायरमनला फोन कराल तेव्हा काय काय बघितलंय ते सांगा: थेट जोडल्यावर वेग कसा होता, रात्री आठला व्होल्टेज किती, कंडेन्सर नवा घातलाय का. तो योग्य सामान घेऊनच येईल आणि तुमची एक खेप वाचेल.

वाइंडिंग खरंच गेलं असेल तर खर्च विचारा. तो नव्या साध्या पंख्याच्या निम्म्याजवळ जात असेल तर माझं मत नव्याच्याच बाजूनं आहे. हातानं घाईत भरलेल्या वाइंडिंगवर पंखा पहिल्यासारखा थंड आणि गप्प क्वचितच चालतो. जुना, जड, चांगल्या पत्र्याचा पंखा असेल आणि ओळखीचा चांगला कारागीर असेल तरच करून घ्या.

नवा घ्यायचा तर

१०० ते १५० चौरस फुटांच्या खोलीला ४८ इंची पुरतो. स्वयंपाकघराला किंवा चिंचोळ्या माजघराला ३६ इंची घ्या. लांब हॉलमध्ये एका मोठ्यापेक्षा दोन पंखे चांगले. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टार रेटिंग सक्तीचं आहे, तेव्हा खोक्यावर तारे आणि वॅट दोन्ही बघा.

साधा जुना पंखा ७० ते ८० वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालणारा ७५ वॅटचा पंखा महिन्याला २७ युनिट घेतो, बीएलडीसी अकराच्या जवळ. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत वीज फुकट आहे, मग महाग पंखा कशाला, असं बरेच जण विचारतात. त्या योजनेत बहुतेक घरांना मर्यादा २०२२-२३ च्या सरासरीवर दहा टक्के जास्त एवढीच आहे, आणि २०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं. उन्हाळ्यात १९०-२१० च्या मध्ये लोंबकळणाऱ्या घरात तीन पंखे बदलले तर पन्नासच्या जवळ युनिट कमी होतात. अशा घराला बीएलडीसी नक्की परवडतो. ज्या घरात दोन पंखे आणि दोन दिवेच चालतात तिथे साधा चांगला पंखा पुरे. तुमच्याकडे व्होल्टेज फार वर-खाली होत असेल तर घेण्याआधी खोक्यावर तो किती व्होल्टपासून कितीपर्यंत चालतो ते वाचा. बीएलडीसीला भिंतीवरचा रेग्युलेटर लावायचा नसतो, असलेला काढून लाईन थेट करा.

पाती जमिनीपासून किमान साडेसात-आठ फूट वर आणि छतापासून निदान एक फूट खाली असावीत. छताला फार चिकटला की वरून हवा घ्यायला जागा मिळत नाही. उंच कौलारू घरात लांब दांडा मागवा, दोन दांडे जोडून लांबी करू नका. आणि हुक तुळईतून आरपार जाणाऱ्या बोल्टचा असू दे, वासा किंवा रिपेवर कधीच नको. पत्र्याच्या घरात पंखा लोखंडी अँगलवर टांगा. तिथे भर दुपारी वारा गरम लागणारच, कारण पंखा वरचीच तापलेली हवा खाली ढकलतो. तो बदलून फरक पडणार नाही, पत्र्याखाली थर्माकोल किंवा दुसरं छत घातलं तर पडेल. पीओपीचं छत असेल तर दांडा त्यातून वर खऱ्या स्लॅबच्या हुकापर्यंत गेला पाहिजे. नव्या हुकाला जाड दोरी बांधून जमिनीवर उभं राहून दोघांनी ओढून बघा, मगच पंखा टांगा.

सगळं लागल्यावर वाटी वर सरकवण्याआधी तिच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि कंडेन्सरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी वर चढणाऱ्याला काय आणायचं ते दुकानात जाण्याआधीच कळेल.